किल्ली अर्ध्यावर

सेकंडहँड गाडी घेणारा माणूस फोनवर आधी ॲव्हरेज विचारतो. या मॅडमनी विचारलं, "दोन लाखांत चालवायला मजा येईल अशी कुठली?" तिथेच मी म्हटलं, हे काम आपण मनापासून करायचं.

मॅडम राहतात कोंढव्यात, सासवडच्या ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतात. घरातली मोठी ऑटोमॅटिक डिझेल रोज नवऱ्याबरोबर हिंजवडीला जाते, आणि मॅडम स्कूटरवर बोपदेव घाट चढतात-उतरतात. गेल्या पावसाळ्यात एका वळणावर खडीवरून घसरल्या. हाडं शाबूत राहिली, पण घरच्यांनी दुसऱ्या गाडीचा धोशा लावला. "घ्यायचीच आहे तर कंटाळवाणी नको," एवढीच त्यांची अट.

माझा धंदा हाच. कुणी जुनी गाडी घेणार असला की मला बोलावतो. मी दीड तास गाडी बघतो, चार पानी रिपोर्ट देतो, पंधराशे रुपये घेतो. अकरा वर्षं एका कंपनीच्या वर्कशॉपमध्ये काढली, गेली पाच वर्षं स्वतःचं. दोन लाख मोजणारा माणूस या पंधराशेवर घासाघीस करतो, "फोटो पाठवतो, बघून सांगा ना" म्हणतो, आणि यार्डात गेल्यावर टायरला लाथ मारून म्युझिक सिस्टिम लावून बघतो. असो.

स्वस्तात मजा हवी तर वजन बघावं, असं माझं मत. हलकी गाडी वळणावर आपलं ऐकते आणि ब्रेकवरही कमी भार येतो. माझं जुनं प्रेम म्हणजे फियाट पालिओ १.६, शंभर हॉर्सपॉवरची. पण तिच्याशी संसार करावा लागतो, आणि मॅडमना पहिला तास सकाळी आठला असतो. जुन्या फोर्ड फिगोचं हायड्रॉलिक स्टेअरिंग अजूनही लाजवाब आहे, पण फोर्डने २०२१ मध्ये इथलं उत्पादन थांबवायचं जाहीर केलं, त्यामुळे रोजच्या वापराला ती सुचवताना माझी जीभ अडखळते. राहिली स्विफ्ट. २०११ ला आलेली दुसरी पिढी, पेट्रोल, १.२ लिटर, ८७ पीएस ताकद, वजन टनाच्या आत. घाटात तिसऱ्यातून दुसऱ्यात टाकली की खुशीत ओढते, आणि तिचा पार्ट तालुक्याच्या दुकानातही मिळतो.

मॅडमनी चार दिवसांत स्विफ्ट शोधलीसुद्धा. सोलापूर रस्त्याला एका यार्डात. २०१२ ची झेडएक्सआय, म्हणजे एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं अडकू न देणारी यंत्रणा) आणि दोन एअरबॅगवाली. एकसष्ट हजार किलोमीटर, नंबर एमएच ०८. आणि मला फोन करायच्या आधी दहा हजार टोकन देऊन मोकळ्या झालेल्या! फिजिक्सच्या बाई, पण टोकन देताना सगळेच सारखे.

"ताई, डॉक्टरची गाडी आहे," यार्डवाला म्हणाला. महाराष्ट्रात जेवढे डॉक्टर नाहीत तेवढ्या डॉक्टरांच्या गाड्या मी बघितल्या आहेत.

गाडी मात्र खरंच देखणी. मी रंगाच्या थराची जाडी मोजणारं पेंटचं मीटर फिरवलं. बॉनेट, चारी दारं, छप्पर, पिलर, सगळीकडे शंभर ते एकशे वीस मायक्रॉन. पोचा झाकायला लांबी, म्हणजे पुटी, भरलेली असती तर आकडा उडून चारशे-पाचशेवर गेला असता. म्हणजे कंपनीचा रंग, कुठे ठोकर नाही. ऑइलचं झाकण उघडून इंजिन चालू केलं, धूर नाही, पंपिंग नाही, म्हणजे झाकणातून हवा उसळत नाही. क्लच मऊ. एसी थंडगार. चालवायला घेतली तर स्टेअरिंग सरळ, ब्रेकला एका बाजूला ओढ नाही. मॅडमनी चालवली आणि परत आल्या तेव्हा चेहऱ्यावरचं हसू लपत नव्हतं.

रिपोर्टचे रकाने मी चालता चालता भरतो. 'एअरबॅग दिवा' या रकान्यात तोवर बरोबरची खूण झाली होती. किल्ली फिरवली, दिवे लागले, गाडी सुरू झाली, दिवे गेले. खूण.

शेवटी मी ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र, लावायला बसलो. किल्ली अर्ध्यावर फिरवली, इंजिन बंद, डॅशबोर्डचे दिवे लागलेले. तेवढ्यात मॅडमनी खिडकीतून विचारलं, "एमएच ०८ म्हणजे नाव ट्रान्सफरला त्रास होतो का?" मी सांगू लागलो: राज्यातलीच गाडी, नंबर बदलत नाही, पण मूळ आरटीओची एनओसी लागते, फॉर्म २८, मग २९ आणि ३०... बोलता बोलता नजर डॅशबोर्डवर गेली. एबीएसचा दिवा केव्हाच विझला होता. एअरबॅगचा तसाच जळत होता.

हे बाहेरच्याला कळायचं नाही म्हणून जरा सांगतो. किल्ली अर्ध्यावर असताना ऑइलचा आणि बॅटरीचा दिवा इंजिन सुरू होईपर्यंत जळत राहतो, ते बरोबरच. एअरबॅगचा मात्र स्वतःची तपासणी करून काही सेकंदांत आपला आपण विझायला हवा, इंजिन सुरू असो वा नसो. मी गाडी सुरू केली. एअरबॅगचा दिवा आणि ऑइलचा दिवा एकाच क्षणी गेले, जुळे भाऊ असल्यासारखे. बंद केली, पुन्हा अर्ध्यावर. दोघे पुन्हा हजर. कुणीतरी एअरबॅगच्या दिव्याची वायर काढून ऑइलच्या दिव्याला जोडली होती. मूळ वायर तशीच ठेवली असती तर दिवा कायम जळत राहिला असता, कारण आत एअरबॅगचं युनिट मेलेलं होतं. स्कॅनरवर इंजिनचा कॉम्प्युटर बोलत होता, एअरबॅगकडून उत्तरच नव्हतं.

मग मी वेगळ्या डोळ्यांनी बघायला लागलो. पुढचा सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढला. तळाशी पुराच्या पाण्याची रेघ सापडते कधी कधी. इथे बेल्ट कोरा करकरीत, आणि खालच्या लेबलवर साल २०२१. २०१२ च्या गाडीत. दुसरा ओढला, तोही २०२१. मागचेही तसेच. अपघातानंतर पुढचे दोन बदललेले मी समजू शकतो, पण मागचे? एअरबॅगचं युनिट गाडीच्या मधोमध, गिअरच्या जवळ जमिनीलाच बसवलेलं असतं. गाडी पाण्यात उभी राहिली की ते लवकर बुडतं. कार्पेटची कड उचलली. खाली नवा नमदा. मी वायरिंगवरची काळी टेप दोन बोटं सोडली आणि बोट फिरवलं. बोटावर राखाडी, रेशमासारखी मऊ पूड. वाळलेला गाळ.

"साहेब, गाडी खोलायची नाही हां," यार्डवाल्याचा आवाज बदलला.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं होतं. एमएच ०८ म्हणजे रत्नागिरी जिल्हा. ही गाडी चिपळूणचीच अशी शपथ मी घेणार नाही, आणि कोकणातल्या चांगल्या गाड्यांना त्या पुरापासून उगाच बट्टा लागलाय हेही मला माहीत आहे. पण गाडी कुठल्या ना कुठल्या पाण्यात बुडाली होती. उभी असताना बुडाली असणार, म्हणून इंजिन वाचलं. टोकनाचे पाच हजार परत मिळाले, तेही मी रिपोर्टचा फोटो ग्रुपवर टाकतो म्हटल्यावर.

आठवड्याने मॅडमचा पुन्हा फोन. कॉलेजच्या एका शिपायामार्फत सासवडजवळच्या एका अंजीरवाल्या बागायतदाराची मारुती झेन बघितली होती. २००५ ची एलएक्स. त्यात पॉवर स्टेअरिंग नाही, एअरबॅग नाहीत, एबीएस नाही. सत्तर हजार सांगितले होते. वीस वर्षांवरच्या कारच्या पासिंगची, म्हणजे नोंदणी पुन्हा करून घ्यायची, फी २०२५ मध्ये दहा हजार झाली, ती काकांनी भरून पाच वर्षांचं पासिंग करून ठेवलेलं.

मी गेलो तो 'नको' म्हणायच्याच तयारीने.

झेनमध्ये दोष बोटाने दाखवण्याइतके उघडे होते. दरवाजाखाली गंज, मागचे शॉकअप मेलेले, टायर २०१४ चे. डिकीच्या पत्र्यावर अंजिराच्या क्रेटचे ओरखडे. पेंटच्या मीटरने डाव्या दारावर सहाशे दाखवले, तर काका स्वतःच म्हणाले, "तिथं बैलगाडीचा जू लागला होता." पेट्रोलचे रबरी पाइप कडक झालेले, २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर ते आधी बदलायचे हे मी लिहून घेतलं. पण इंजिन! एक लिटरचं, १६ व्हॉल्व्हचं, साठ हॉर्सपॉवरचं. साडेसातशे किलोंच्या आसपासच्या गाडीत ते असं पळतं की कुणी मागून ढकलतंय. झेन बंद होऊन इतकी वर्षं झाली, तरी जुने मेकॅनिक तिचं नाव अजून का काढतात ते एका किलोमीटरमध्ये कळतं.

बोपदेव उतरताना मॅडम चालवत होत्या. उताराला दुसरा गिअर, ब्रेकला जेमतेम स्पर्श. वळणाच्या आधी गिअर खाली घेताना ॲक्सिलरेटरला एक हलकी टिचकी, की गाडीला धक्काही बसत नव्हता. माझाच उजवा पाय उगाच जमिनीत दाबला जात होता. खाली उतरल्यावर त्यांनी गाडी कडेला घेतली आणि मोठ्याने हसल्या.

मी रिपोर्टमध्ये लाल पेनाने लिहिलं: रोजच्या घाटासाठी शिफारस नाही. तोंडीही सांगितलं. २०१९ च्या एप्रिलपासून नव्या गाडीला एबीएस सक्तीचं आहे, ते काही उगाच नाही. हिला समोरून ठोकर बसली तर मध्ये फक्त पत्रा, तोही पातळ.

त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "दादा, मी रोज स्कूटरवर येते. त्यावर तुमचा रिपोर्ट काय म्हणतो?"

मी गप्प.

"आणि त्या स्विफ्टच्या एअरबॅगपुढे तुमची बरोबरची खूण होती. मी बघितली होती."

त्या हे रागाने म्हणाल्या नाहीत. पासष्टला व्यवहार झाला. टायर, शॉकअप, पाइप, ब्रेक लाइनिंग, सगळं मी माझ्या ओळखीच्या गॅरेजात उभा राहून बदलून घेतलं. लाल ओळ मी खोडलेली नाही. गाडी चालू आहे, त्या खूश आहेत, आणि पाऊस पडला की मला घाट आठवतो.

पण झोप उडवली ती त्या खुणेने. मॅडमनी एनओसीचं विचारलं नसतं तर मी स्कॅनर लावून इंजिनचे कोड बघितले असते, 'ओके' लिहिलं असतं आणि पंधराशे रुपये खिशात घातले असते. अकरा वर्षं वर्कशॉपमध्ये आणि पाच वर्षं बाहेर, मी किल्ली एका दमात फिरवत आलो. किती गाड्यांपुढे अशी खूण केली असेल?

परवापासून जुन्या वह्या काढल्या आहेत. एअरबॅगवाल्या गाड्यांच्या मालकांना एकेक फोन करतोय. किल्ली अर्ध्यावर ठेवा, सुरू करू नका, दहा आकडे मोजा, लाल दिवा विझतो का सांगा. बरेच जण विचारतात, गॅरंटी संपली का, फी किती. एकाने सरळ फोन ठेवला. काल एकोणिसावा फोन वाकडच्या एका मुलाला. तो गाडीतच होता. मी मोजताना ऐकत होतो, आठ, नऊ, दहा.

"नाही विझला. पण सुरू केल्यावर जातो की. मग झालं ना?"

रविवारी सकाळी त्याच्याकडे जातोय.