हेवर्डला ओंडक्यावर उभं राहायला शिकलो (एकदाचं)

मिनियापोलिसहून गाडीने अडीच-एक तासांवर हेवर्ड आहे, विस्कॉन्सिनच्या पार वरच्या अंगाला, गाव छोटंसं पण आजूबाजूला तळीच तळी. लोक येतात ते मस्की मासा पकडायला, त्याचा 143 फूट लांब फायबरग्लासचा पुतळा पण आहे, जबड्यात चढून फोटो काढता येतो. मुलांचं ते सगळं झालं. मला करायचं होतं लॉगरोलिंग.

म्हणजे काय तर तरंगत्या ओंडक्यावर दोघांनी उभं राहायचं, पायांनी तो गरागरा फिरवायचा आणि समोरच्याला पाण्यात पाडायचं. पूर्वी इथे पाइनची जंगलं तोडायचे, हिवाळ्यात ओंडके नदीकाठी रचायचे आणि बर्फ वितळलं की सोडायचे प्रवाहात, मग कुठे अडकले की माणसं त्या ओंडक्यांवरूनच उड्या मारत जाऊन मोकळे करायची, पाय सटकला तर बर्फाचं पाणी किंवा त्याहून वाईट. त्यातूनच आला हा खेळ. लाकूड कंपनी जिथे ओंडके साठवायची ते तळं म्हणजे आजचं लंबरजॅक बोल, 1960 पासून जागतिक स्पर्धा तिथेच भरते, आणि मी धपाधप पडत होतो ते त्याच पाण्यात.

शिकणाऱ्यांच्या ओंडक्याला कार्पेट ठोकलेलं असतं, पाय घसरू नये म्हणून. शिकवणारी कॉलेजातली पोरगी, पाण्यात उभी राहून ओंडका धरते, मग सांगून सोडते. तिचं एकच पालुपद, खाली बघू नका, ओंडक्याच्या समोरच्या टोकाकडे बघा आणि पाय थांबवू नका. आता आपल्याला तोल जायला लागला की गप्प उभं राहायची सवय, पण इथे पाय थांबला की ओंडका त्याला घेऊन खाली जातो आणि तुम्ही त्याच्यामागे. गुडघे वाकवून बारीक बारीक भराभर पावलं टाकायची, जागच्या जागी पळल्यासारखी. ते जमायला लागलं तसा सलग पाच-सहा सेकंद टिकायला लागलो, हसू नका, तेवढ्यात घाम फुटतो! मग समोर गावातली शाळकरी पोरगी चढली आणि तिने दोन पावलांत मला आडवा केला, वर सॉरीसुद्धा म्हणाली.

जाणार असाल तर जुलैच्या उत्तरार्धात जा, स्पर्धा साधारण तेव्हा असते, फक्त राहायची सोय आधी बघून ठेवा. आणि फुल पँट घालून शिका, पडताना कार्पेटने पोटऱ्या सोलवटतात.