शास्त्रीय कारणे द्या

सोमवार, रात्री साडेअकरा

पाऊस काय थांबंना. सकाळपासनं ज्याच्या त्याच्या तोंडात पंचगंगेवरचा राजाराम बंधारा, पाणी किती फुटावर गेलं, ३९ ला इशारा आणि ४३ ला धोका हे आमच्याकडं शाळकरी पोरांना पण पाठ असतं. मी ड्युटी संपवून आलो, ओला रेनकोट गॅलरीत टाकला, दोन घास खाल्ले आणि वही उघडून बसलो, कारण पेपरला आता १९ दिवस राहिलेत. डब्ल्यूएसईटी लेव्हल ३, वाइनची परीक्षा, सेंटर मुंबईला.

ही माझी दुसरी खेप. पहिल्या वेळी टेस्टिंग निघालं होतं. दोन ग्लास समोर ठेवतात, नाव-गाव काही सांगत नाहीत, अर्ध्या तासात रंग, वास, चव, दर्जा सगळं लिहून द्यायचं, ते जमलं. राहिलो थिअरीत. त्यात ५० प्रश्न पर्याय निवडायचे, ते बरे गेले, आणि मग लेखी चार प्रश्न, प्रत्येकी २५ मार्क, तिथं गाडी अडकली. पास व्हायला ५५ टक्के लागतात आणि हॉलमधनं बाहेर पडताना मला वाटत होतं की ६५ तर कुठं गेले नाहीत, कारण मला सगळं येत होतं की. पानं भरून लिहिलं होतं. रिझल्ट आल्यावर दोन दिवस कुणाशी धड बोललो नाही, बायकोला पण तिसऱ्या दिवशी सांगितलं.

ह्या वेळी अभ्यासाची पद्धतच बदलली आणि ती बदलली आबांमुळं, माझ्या वडिलांमुळं, म्हणून हे लिहून ठेवतोय.

आबांनी ३४ वर्षं हायस्कूलला विज्ञान शिकवलं, दहावीचे बोर्डाचे पेपर तपासले. गळ्यात माळ आहे, दारूचा विषय आमच्या घरात कधी निघालाच नाही. मी हॉटेल लाइनमधनं वाइनकडं वळलो तेव्हा ते वर्षभर त्यावर एक अक्षर बोलले नाहीत, ओरडले असते तर परवडलं असतं. गेल्या आठवड्यात रात्री लाइट गेली, मी मोबाइलचा टॉर्च लावून लिहीत होतो, ते पाणी प्यायला उठले आणि माझ्या शेजारी येऊन बसले. काही न बोलता वही ओढून घेतली आणि वाचायला लागले.

सरावाचा प्रश्न होता, जर्मनीतल्या मोझेलच्या रीसलिंग द्राक्षाच्या वाइनमधे ॲसिड जास्त आणि अल्कोहोल कमी का असतं ते एक्स्प्लेन करा. मी लिहिलं होतं की मोझेल थंड प्रदेश आहे, उतार खडा आहे, जमीन स्लेट दगडाची आहे, रीसलिंग उशिरा पिकते, वाइन हलकी असते आणि ॲसिड भरपूर असतं. इंग्रजीत, नीट, स्वच्छ अक्षरात.

आबा म्हणाले, "हे सगळं खरं धरू. पण एकातनं दुसरं निघतंय का? थंडी आहे म्हणून काय झालं?"

म्हटलं, थंडी म्हणून द्राक्ष सावकाश पिकतं.

"सावकाश पिकलं म्हणून?"

"साखर बेताची भरते. आणि गारव्यात आतलं ॲसिड फारसं कमी होत नाही, तसंच टिकून राहतं."

"साखर बेताची म्हणून?"

"यीस्टला खायला कमी मिळतं, म्हणून अल्कोहोल कमी तयार होतं, म्हणून वाइन हलकी."

"मग हे लिहिलं का नाहीस? मला तोंडी सांगितलंस की आत्ता."

मी गप्प. मग म्हणाले, "आणि एवढं थंड आहे तर तिथं द्राक्ष मुळात पिकतं कसं?" आणि तिथं मला लख्ख दिसलं की उतार आणि स्लेट मी नुसतं वर्णन म्हणून टाकून दिलं होतं. उतार दक्षिणेकडं तोंड करून आहे म्हणून ऊन जास्त सरळ पडतं, स्लेट दिवसभर तापते आणि रात्री ऊब सोडते, खाली नदीवरनं उजेड परत वर फेकला जातो, म्हणून एवढ्या उत्तरेला, जवळजवळ ५० अक्षांशावर, द्राक्ष पुरतं पिकतं. हे सगळं मला माहीत होतं पण कागदावर त्यातलं ‘म्हणून’ एकदाही आलं नव्हतं.

त्यांनी लाल पेन मागून घेतलं आणि समासात लिहिलं, शा. का. द्या. शाळेत असताना विज्ञानाच्या पेपरात जो प्रश्न यायचा तोच, शास्त्रीय कारणे द्या, आणि त्याला आबा कसे मार्क कापायचे हे मला पक्कं माहीत आहे कारण त्यांच्याच वर्गात होतो. एक्स्प्लेन म्हणजे तेच की. एवढी वर्षं मराठीतनं जे शिकलो ते इंग्रजी पेपरात बसल्यावर बाहेर ठेवून आलो होतो.

मंगळवार

डबल ड्युटी. केएमटीच्या बसमधे उभ्या उभ्या फक्त पोर्ट, पोर्तुगालची गोड वाइन, तेवढं केलं, पण नवीन पद्धतीनं. आंबवण सुरू झाल्यावर अल्कोहोल साधारण ५ ते ७ टक्क्यांवर आलं की ७७ टक्क्यांचं द्राक्षाचं स्पिरिट ओततात, यीस्ट मरतं, म्हणून साखर शिल्लक राहते, म्हणून पोर्ट गोड. इथपर्यंत सगळेच लिहितात. पुढं असं की आंबवण लवकर थांबवल्यामुळं रस सालीबरोबर फार थोडा वेळ राहतो, म्हणून रंग आणि टॅनिन, म्हणजे सालीतला तुरटपणा, झटपट काढून घ्यावं लागतं, म्हणून दगडी टाक्यांत माणसं उतरून पायानं तुडवतात. पायानं तुडवणं हे मी आजवर जुनी प्रथा म्हणून पाठ केलं होतं. त्यामागं घड्याळ आहे हे आज कळलं, राजारामपुरीच्या स्टॉपला.

गुरुवार, पहाटे

झोप लागंना म्हणून उठलो. बाहेर अजून कोसळतोयच. काल रात्री अल्सास काढलं होतं आणि आबांनी परत पकडलं.

अल्सास फ्रान्सच्या उत्तरेला असून तिथं पाऊस इतका कमी का, कोलमार हे फ्रान्समधल्या सगळ्यात कोरड्या शहरांपैकी एक का. मी लिहिलं वॉज पर्वतामुळं. आबा म्हणाले पर्वतामुळं म्हणजे कसं, अन् मग स्वतःच म्हणाले, "अरे गगनबावड्याला काय होतं ते सांग की." अरबी समुद्रावरनं ढग येतात, सह्याद्रीला थटून वर चढतात, वर गार होतात, सगळं पाणी गगनबावड्याला-राधानगरीला ओततात, आमच्या पंचगंगेला पूर आणतात, आणि डोंगर ओलांडून पूर्वेला उतरताना हवा कोरडी होत जाते, म्हणून तासगाव, कवठेमहांकाळ, जत पर्जन्यछायेत. पर्जन्यछाया! पाचवी-सहावीच्या भूगोलातला शब्द. अटलांटिकचे ढग, वॉजचा डोंगर आणि पलीकडं कोलमार, सगळं तेच. अँडीज आणि अर्जेंटिनातलं मेंडोझा पण तेच, फक्त मेंडोझाला डोंगरावरच्या बर्फाचं पाणी पाटानं मिळतं आणि आमच्या दुष्काळी भागाला ताकारी-म्हैसाळ योजनेतनं कृष्णेचं पाणी उचलून द्यावं लागतं. आणि पाऊस कमी, ऊन जास्त, पानं कोरडी, म्हणून रोग कमी, म्हणून दोन्हीकडं द्राक्ष.

ह्यावरनं मामाची आठवण झाली आणि सकाळी सहालाच फोन लावला, तासगावला बाग आहे त्याची, तो उठलेलाच असतो. म्हटलं मामा, खुंटरोप का लावता ते सांगा. म्हणाला, "काय रे भाच्या, एवढ्या सकाळी?" पण सांगितलं. आपल्याकडं डॉगरीजचा खुंट लावतात तो जमिनीतल्या खारीसाठी आणि पाणी कमी पडलं तरी वेल तग धरावा म्हणून, त्यावर वरच्या जातीचं कलम. युरोपात अमेरिकन खुंट आला तो फायलोक्सेरा नावाच्या किडीमुळं, ती मुळं खाते, एकोणिसाव्या शतकात तिनं फ्रान्सच्या बागा उद्ध्वस्त केल्या, आणि अमेरिकन वेलींची मुळं तिला दाद देत नाहीत. म्हणजे काम एकच, कलम करणं, पण कारण दोन ठिकाणी दोन. हे मी आता विसरणार नाही.

मग बोर्डो. मामा आयुष्यभर बोर्डो मारत आलाय, एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी, एक टक्का. त्याला मी सांगितलं की मामा हे गावाचं नाव आहे, फ्रान्समधलं, बोर्दो. तिथं मेदोकच्या शेतकऱ्यांनी चोरांनी द्राक्षं खाऊ नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर चुना-मोरचूद शिंपडलं होतं, आणि त्या वेलींवर डाउनी, म्हणजे आपली डावणी, तो बुरशीचा रोग, कमी आहे हे मियार्दे नावाच्या शास्त्रज्ञानं बघितलं आणि १८८५ साली जगाला सांगितलं. मामा थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "म्हंजे डावणी त्यांच्याकडं पण हाय म्हण की." त्याच्या आवाजात एवढी आपुलकी होती त्या न बघितलेल्या फ्रेंच शेतकऱ्यांबद्दल. डावणीनं बाग गेलेली माणसंच तसं बोलू शकतात, २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाऊस लांबला तेव्हा मामाच्या घरात काय वातावरण होतं ते मी बघितलंय.

छाटणीचं पण विचारून घेतलं. एप्रिलला खरड छाटणी, ऑक्टोबरला फळ छाटणी, वर्षाला दोन छाटण्या आणि पीक एक, कारण आपण १६-१७ अक्षांशावर, इथं वेलीला झोपवणारा हिवाळाच नाही, ती बारा महिने वाढत राहते, म्हणून माणसाला कात्री घेऊन तिचं वर्ष ठरवावं लागतं. वाइनच्या बहुतेक बागा ३० ते ५० अक्षांशांमधे का, हा प्रश्न आला तर मी ह्याच्या उलट्या बाजूनं सुरुवात करणार.

शनिवार

आज काही झालं नाही. रंकाळ्याला एक चक्कर मारली, पावसातच. इटली राहिलीय सगळी, द्राक्षाच्या जाती आणि गावांची नावं एकमेकांत गुंततात. त्यातलं अमारोने, वाळवलेल्या द्राक्षांची वाइन, तेवढं पक्कं आहे, कारण मामाच्या बेदाण्याच्या शेडमधे लहानपणी सुट्ट्या काढल्यात, घड वाळले की आतलं पाणी जातं आणि साखर दाट होते हे नाकाला ठाऊक आहे.

रविवार, रात्र

सुट्टी होती. दुपारी घड्याळ लावून चार प्रश्न सोडवले, एकाला २० मिनिटं, त्यातली पहिली दोन मिनिटं काहीच लिहायचं नाही, फक्त प्रश्नातलं क्रियापद अधोरेखित करायचं. डिस्क्राइब असेल तर वर्णन, कम्पेअर असेल तर दोन्हींचं एकेका मुद्द्यावर समोरासमोर, एक्स्प्लेन असेल तर ‘म्हणून’ची साखळी. मागच्या वेळी मी प्रश्न वाचलाच नव्हता असं आता वाटतं, फक्त त्यातला वाइनचा शब्द वाचला होता आणि त्याबद्दल येतं तेवढं ओतलं होतं.

शेरीचं, त्या स्पेनच्या वाइनचं, उत्तर आबांना दाखवलं. फिनो आणि ओलोरोसो दोन्ही पालोमिनो द्राक्षाच्या, एकाच गावच्या, मग एक फिकट आणि एक तपकिरी का? फिनोला स्पिरिट घालून साधारण १५ टक्क्यांवर ठेवतात, तेवढ्यात फ्लोर जगतं. फ्लोर म्हणजे यीस्टचा थर, वाइनच्या तोंडावर पसरलेला. आबांना म्हटलं साय समजा. गंगावेशीच्या कट्ट्यावरनं आणलेल्या म्हशीच्या दुधावर येते तशी जाड. ती हवा आत जाऊ देत नाही, म्हणून वाइन फिकट आणि ताजी राहते, आणि ते यीस्ट अल्कोहोल खाऊन ॲसिटाल्डिहाइड करतं, म्हणून तो खास वास. ओलोरोसोला १७ वर नेतात, फ्लोर तिथं जगत नाही, वाइन उघडी पडते, हवा लागते, म्हणून तपकिरी, अक्रोडासारखा वास.

आबांनी चष्मा वर केला. "साय मेलेली असते. हा थर जिवंत आहे. मग त्याला खायला रोज कोण घालतं?"

हे मी लिहिलंच नव्हतं. सोलेराची पद्धत त्याचसाठी, पिंपांच्या रांगा, सगळ्यात जुन्यातनं थोडी काढायची आणि त्याच्या आधीच्या रांगेतनं भरायची, तशी मागं मागं नवीन वाइनपर्यंत, म्हणजे फ्लोरला सतत ताजं खाद्य मिळतं आणि ती टिकते. आईनं आतनं ऐकलं आणि म्हणाली, "विरजणासारखं हाय की ते, थोडं ठेवायचं आणि त्यातच घालायचं." सगळं तंतोतंत जुळत नाही पण डोक्यात बसायला ह्याहून चांगलं काही नाही.

आबांनी त्या उत्तराला २५ पैकी १७ दिले. लाल गोल करून. बोर्डाच्या पेपराला देतात तसे, डाव्या समासात एकेका मुद्द्यासमोर एक, कुठं अर्धा, आणि शेवटी बेरीज. १७ म्हणजे ६८ टक्के. मी त्या आकड्याकडं किती वेळ बघत बसलो होतो कुणास ठाऊक. मी आठवीत असताना त्यांनी मला एवढे दिले नव्हते.

मघाशी जेवण करून खोलीत आलो तर वहीवर दिनदर्शिकेचं फाडलेलं पान, पाठकोऱ्या बाजूला त्यांचं अक्षर.

प्र. १) सोटर्नच्या द्राक्षांना सकाळी धुकं आणि दुपारी ऊन, दोन्ही का लागतं? ऊन न पडल्यास काय होईल? शास्त्रीय कारणे द्या. (गुण १०)

सोटर्न म्हणजे बोर्दोकडची गोड वाइन, तिच्याबद्दल मी त्यांना कधीच काही सांगितलं नव्हतं. पुस्तक उघडलं तर त्या पानात त्यांच्या एसटीच्या पासची जुनी पिशवी खुणेला घातलेली, म्हणजे मी ड्युटीला गेल्यावर ते वाचत बसतात.

पेन घेतलं, दोन मिनिटं थांबलो, मग लिहिलं. सिरोन नदीचं पाणी गार आणि ती ज्या गारोनला मिळते तिचं पाणी त्या मानानं कोमट, म्हणून शरदात तिथं पहाटे धुकं धरतं. धुक्याच्या ओलीनं बोट्रायटिस बुरशी सेमियों द्राक्षाच्या पातळ सालीत शिरते आणि बारीक भोकं पाडते. दुपारी ऊन आणि वारा आला की बुरशी आवरते आणि त्या भोकांतनं पाणी उडून जातं, म्हणून साखर आणि ॲसिड दोन्ही दाट होतात, वर बुरशीचा स्वतःचा मधासारखा वास मिसळतो. घडातले सगळे मणी एकदम तयार होत नाहीत, म्हणून मजूर पुन्हा पुन्हा बागेत जाऊन हातानं वेचतात, म्हणून ती वाइन महाग. ऊन नाही पडलं तर तीच बुरशी आवरत नाही आणि घड सडतात.

अकरा मिनिटं लागली. आबा झोपलेत. वही त्यांच्या चष्म्याशेजारी ठेवून आलोय, लाल पेन वर.