तुम्ही विचारलंत म्हणून: डेअर, डी, दास पाठ कसं करायचं?

मी जर्मन शिकवते. जर्मनमध्ये पुल्लिंगी नामाआधी 'डेअर', स्त्रीलिंगी नामाआधी 'डी' आणि नपुंसकलिंगी नामाआधी 'दास' लागतं. नवी बॅच सुरू झाली की तिसऱ्या-चौथ्या तासानंतर कोणीतरी हमखास मागे थांबतं. वही छातीशी धरलेली असते आणि प्रश्न ठरलेला असतो. "मॅडम, टेबल पुल्लिंगी, दिवा स्त्रीलिंगी, पुस्तक नपुंसकलिंगी, हे ठरवलं कोणी? आणि एवढं सगळं पाठ कसं करायचं?" 2024 साली महाराष्ट्राचा जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बेर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाबाबत करार झाला. तेव्हापासून हा प्रश्न विचारणाऱ्यांत नर्सिंग केलेल्या मुली आणि आयटीआय झालेली मुलंही आहेत. त्यांना परीक्षा आहे, पुढे नोकरी आहे, म्हणून उत्तर नीट द्यायला हवं.

ठरवलं कोणी, याचं उत्तर एका वाक्याचं आहे: कोणीही नाही. भिंत ती, दरवाजा तो आणि घर ते हेही कोणी ठरवलेलं नाही. तरी साताऱ्याच्या तीन वर्षांच्या पोरालाही ते चुकत नाही. मी विद्यार्थ्यांना पहिल्यांदा हेच सांगते, कारण ते घाबरतात ते इंग्रजीच्या दारातून जर्मनमध्ये शिरतात म्हणून. इंग्रजीत एकच 'द' आहे. तिथून बघितलं की डेअर, डी, दास हे तिप्पट ओझं वाटतं. मराठीच्या दारातून आलात तर तो, ती, ते तुमच्या कानात जन्मापासून आहेत. हिंदीत दोनच लिंगं, बंगालीत नामांना लिंगच नाही. मराठी, कोंकणी, गुजराती बोलणाऱ्यांकडे तिन्ही शिल्लक आहेत. जर्मन वर्गात एवढी शिदोरी घेऊन येणारे थोडेच.

मात्र एक गोष्ट पहिल्याच दिवशी मनातून काढून टाका. मराठीचं लिंग जर्मनला लावायचं नाही. आपला सूर्य तो, त्यांची झोने ती. आपलं टेबल ते, त्यांचा टिश तो. चंद्र आणि मोंट दोघंही पुल्लिंगी निघाले, तर तो योगायोग समजा. मराठीकडून उत्तर घ्यायचं नसतं, सवय घ्यायची असते.

ती सवय कोणती? आपण 'भिंत म्हणजे स्त्रीलिंग' असं कधी पाठ केलं नाही. 'भिंत पडली', 'पांढरी भिंत', 'आमची भिंत' असं ऐकत आलो. मराठीत लिंग शब्दाच्या आजूबाजूला वावरतं, विशेषणात, क्रियापदात, 'माझा-माझी-माझं'मध्ये. म्हणून मी वर्गात एक धेडगुजरी खेळ घेते आणि तो मनापासून घेते. माझा टिश मोडला. माझी लांपे विझली. माझं बूख हरवलं. लाल टाशे, म्हणजे पिशवी, कुठे ठेवलीस? जेवायला बसल्यावर मोठा ल्योफेल, मोठी गाबेल, मोठं मेसर, म्हणजे चमचा, काटा आणि सुरी. पंधरा दिवस असं बोललं की 'माझा लांपे' कानाला खुपायला लागतं. ते खुपणं आलं की तो शब्द तुमचा झाला. शिवाय जर्मन 'माइन' हे रूप पुल्लिंगाला आणि नपुंसकलिंगाला सारखंच असतं, तिथे त्यांची भाषा फरक लपवते. आपलं 'माझा' आणि 'माझं' तो उघडा ठेवतं.

काही शब्द तर शेवटावरूनच ओळखता येतात. '-उंग', '-हाइट', '-काइट', '-शाफ्ट' हे प्रत्यय लागले की नाम स्त्रीलिंगी, डोळे मिटून. त्साइटुंग म्हणजे वर्तमानपत्र, वोनुंग म्हणजे राहायची जागा, दोन्ही डी. आपल्याकडे '-ता' तेच काम करतो: मानवता, क्षमता, शांतता, सगळ्या त्या. '-पणा' लागला की तो आणि '-पण' लागलं की ते, हे आपण न शिकताच पाळतो. शेवटी 'ए' आला तर बहुतेकदा डी. नामे आणि केझे, म्हणजे नाव आणि चीज, यांसारखे थोडे शब्द फटकून वागतात. आपलीही ईकारान्त नामं पुष्कळशी स्त्रीलिंगी आहेत, तरी पाणी आणि लोणी ते आणि हत्ती तो राहतोच. सामासिक शब्दात शेवटच्याचं चालतं. हाउस ते, ट्यूर ती, म्हणून हाउसट्यूर ती. देव तो, घर ते, म्हणून देवघर ते. नियम तोच.

आता 'मेडशेन'. मुलगी या शब्दाला 'दास' लागतं हे कळलं की वर्गातल्या मुली चिडतात आणि त्यांचं चिडणं मला रास्त वाटतं. पण '-शेन' हा लहानपणा दाखवणारा प्रत्यय आहे आणि तो लागला की कुठलंही नाम नपुंसकलिंगी होतं. मग मी फळ्यावर लिहिते: वासरू, कोकरू, शिंगरू, पाखरू, लेकरू. प्रत्येक 'ते'. त्यांच्यासमोर काल्ब, लाम, फोलेन. वासरू, कोकरू, शिंगरू, सगळी दास. लहान जिवाला नपुंसकलिंगात ठेवायची माया दोन्ही भाषांनी केली आहे. एकदा वर्गात पणजीची एक मुलगी होती. ती पटकन म्हणाली, "आमच्याकडे चेडूं आयलें म्हणतात." कोंकणीत चेडूं म्हणजे मुलगी, आणि ते नपुंसकलिंगीच. त्या दिवसानंतर त्या बॅचमध्ये कोणाचंही मेडशेन चुकलं नाही.

एकाच शब्दाची दोन लिंगं आली की लोक हात टेकतात. 'डेअर झे' म्हणजे सरोवर, 'डी झे' म्हणजे समुद्र. त्यामुळे बोडनझे तो आणि नोर्डझे ती. 'डेअर लाइटर' म्हणजे प्रमुख, 'डी लाइटर' म्हणजे शिडी. मी विचारते, तो माळ आणि ती माळ यांत कधी गोंधळलात? तो हार गळ्यात पडतो, ती हार पत्करावी लागते. माझा वेळ गेला आणि माझी वेळ आली यांतला फरक परदेशी माणसाला समजावून सांगा, मग झे सोपं वाटेल.

विभक्तीपर्यंत पोचलं की बरेच जण गळतात, म्हणून इथे जरा थांबते. चार विभक्त्या, तीन लिंगं आणि अनेकवचन मिळून सोळा घरांचा तक्ता होतो. त्यात रूपं मात्र सहाच फिरतात. तक्ता भिंतीवर लावा, पण त्याआधी हे म्हणून बघा: तो – त्याला, ते – त्याला, ती – तिला. जर्मनमध्ये: एअर – ईम, एस – ईम, झी – ईअर. पुल्लिंग आणि नपुंसकलिंग इथे एकत्र होतात, स्त्रीलिंग वेगळं राहतं, अगदी आपल्यासारखं. संस्कृतात तो आणि ते दोघांनाही 'तस्मै', तिला 'तस्यै'. डेअर आणि दास यांचं 'ला' लागल्यासारखं रूप म्हणजे 'डेम'; त्या तस्मैतला 'म' या 'डेम'मध्ये अजून ऐकू येतो, आणि 'दास' हे 'तत्'चंच भावंड आहे. विशेषणही तसंच वागतं. चांगला मुलगा, चांगली मुलगी, चांगलं लेकरू, पण 'ला' लागताच तिघांनाही 'चांगल्या'. जर्मनमध्येही डेम किंवा डेअर (इथे हा 'डी'चं 'ला' लागल्यासारखं रूप) यांच्यामागे तिन्ही ठिकाणी 'गुटेन'. हे मला पहिल्यांदा दिसलं तेव्हा रात्री झोप लागली नव्हती.

चुकलं तर चालतं का, असंही विचारता. दुकानात चालतं, लोक समजून घेतात. पण कुत्रा माणसाला चावला की माणूस कुत्र्याला, हे आपल्याकडे 'ला' सांगतो आणि त्यांच्याकडे पुढचा डेअर किंवा डेन. शब्दांचा क्रम बदलला तर तेवढाच आधार उरतो.

खुद्द जर्मन भाषकांत मात्र एकमत असतंच असं नाही. मी शिकताना ट्युबिंगेनजवळच्या एका खेड्यात राहत होते. घरमालकीण आजी रोज सकाळी 'डेअर बुटर' म्हणायच्या. माझ्या पुस्तकात 'डी बुटर' होतं. मी आठवडाभर कानावर विश्वास ठेवला नाही. मग कळलं की त्या भागात लोणी पुल्लिंगीच बोलतात. योगर्ट जर्मनीत बहुधा तो, ऑस्ट्रियात ते. इमेल जर्मनीत ती, स्वित्झर्लंडमध्ये ते. आपल्याकडेही तो पेन की ते पेन यावर घराघरांत दोन मतं आहेत.

गेल्या महिन्यात सांगलीच्या एका माजी विद्यार्थिनीचा फोन आला. ती आता तिकडे एका वॉर्डात काम करते. इंजेक्शन, चिकटपट्टी आणि बँडेज यांचे शब्द नवीन होते, म्हणून तिने जुनाच खेळ काढला होता. ड्युटीला जाताना ट्राममध्ये ती पुटपुटते: माझी श्प्रित्से, माझं फ्लास्टर, माझा फरबांट.