ताइनानचं पाठमोरं आभाळ

तैवानमधल्या ताइनान शहरातून येऊन पंधरा दिवस झाले पण ती पाठ काही डोळ्यासमोरून हलत नाहीये. ताओ या चिनी धर्माच्या एका पुरोहितांची पाठ, आणि तिच्यावर जरीने भरलेलं अख्खं आभाळ.

आम्ही तैवानमध्येच शिन्चूला राहतो, नवरा चिप कंपनीत. शेजारच्या काकूंचं माहेर ताइनानजवळच्या गावात, तिथल्या देवळात यंदा 'ज्याव' होता, म्हणजे काही वर्षांनी एकदा येणारा मोठा विधी, कुठे तीन दिवस कुठे पाच दिवस चालतो, काकू म्हणाल्या चल माझ्याबरोबर, मी लगेच बॅग भरली. यातलं बरंचसं देवळाची दारं लावून आत चालतं, मोजक्याच लोकांना प्रवेश असतो, पण जेड सम्राटाला म्हणजे स्वर्गाच्या राजाला लेखी अर्ज पाठवायचा भाग बाहेर उंच मंचावर करतात, तो सगळ्या गावाला दिसतो.

मुख्य पुरोहित वेदीकडे तोंड करून उभे, म्हणजे आमच्याकडे पाठ. मला आधी चुटपुट लागली की समोरून काहीच दिसणार नाही. मग त्यांनी दोन्ही हात पसरले आणि मी बघतच राहिले.

त्यांच्या अंगातल्या झग्याला 'ज्यांग-यी' म्हणतात, ज्यांग म्हणजे खाली उतरणं. याला वेगळ्या बाह्या नसतातच, घोंगडीसारखा एकच मोठा चौकोन, पुढून उघडा, हात पसरले की पूर्ण ताणला जातो. जुन्या चिनी समजुतीत आकाश गोल आणि पृथ्वी चौकोनी, म्हणून हा आकार. आणि भरतकामाचा सगळा जोर पाठीवर, कारण पुरोहित देवाकडे बघतात आणि लोकांना पाठच दिसते!

मधोमध सोनेरी मनोरा, तो स्वर्गातला, भोवती ठिपक्यांसारखे गोल गोल तारे. एका बाजूला सूर्य, त्यात तीन पायांचा कावळा, दुसरीकडे चंद्र आणि त्यात खलबत्त्यात अमृत कुटणारा ससा. ससा दिसला आणि मी काकूंचा हातच धरला, अहो आमच्याकडे पण चंद्रात ससाच आहे, चंद्राला आम्ही शशांक म्हणतो! काही झग्यांवर 28 नक्षत्रंसुद्धा भरतात म्हणे, आपली 27, अभिजित धरलं तर 28च. शेवटी तो अर्ज जाळला, धूर वर गेला, पुरोहित गुडघ्यांवर बसून पार खाली वाकले आणि ते सगळं आभाळ जमिनीवर पसरलं.

दुसऱ्या दिवशी काकूंनी शहरात एका भरतकामवाल्या आजींकडे नेलं. देवळांचे पडदे, वेदीपुढची कापडं, लग्नघराच्या दारावर लावतात ते आठ सिद्धपुरुषांचं लाल तोरण, असं सगळं करतात त्या. इथे जरीचा धागा सुईत ओवतच नाहीत. दोन धागे जोडीने कापडावर ठेवायचे आणि बारीक रेशमी दोऱ्याने टाक्या-टाक्याने बांधत जायचं. ड्रॅगनच्या अंगाखाली आधी कापूस भरून उंचवटा करतात, त्यामुळे बोट फिरवलं की खवलं न् खवलं हाताला लागतं. आपल्या कलाबतूत रेशमावर धातूची तार गुंडाळतात, तर यांच्या जुन्या जरीत सोन्याचा वर्ख लावलेल्या कागदाची पट्टी असायची. आता मशीनचं स्वस्त काम खूप आलंय, हाताने भरणारे कमी राहिले. मशीनचं शेजारी ठेवलं तेव्हा फरक मला लगेच कळला, ते सपाट आहे हो, त्यात ड्रॅगनला अंगच नाही.

न्यूयॉर्कच्या मेट म्युझियममध्येही असे जुने झगे आहेत, मी आल्यावर फोटो शोधून पाहिले. सुंदरच आहेत, पण भिंतीवर पसरलेले. ते वाकणं त्यात नाही.

विधी संपल्यावरचं राहिलंच सांगायचं. मंचामागे दोन शिष्य झगा उतरवून घडी घालत होते, एकेक टोक धरून, जरीकाम आतल्या बाजूला राहील असं बघत, मध्ये मऊ कापड घालून. आई पैठणीची घडी घालते ना, अगदी तशीच.