मनोरमाबाईंचे ऋण

५ एप्रिल

आज पंडिता रमाबाईंचा स्मृतिदिन आहे. सकाळची प्रार्थना आटोपल्यावर पणजीचे बायबल कपाटातून काढले आणि दुपारपर्यंत ते मांडीवरच राहिले. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून मराठीत आणलेले हे भाषांतर, त्यांनीच केडगावला निराधार स्त्रियांसाठी काढलेल्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात तिथल्या मुलींनी आणि बायकांनी अक्षरांचे खिळे जुळवून छापले. त्या खिळे जुळवणाऱ्या हातांत माझ्या पणजीचेही हात होते, असे आजी सांगत असे, आणि सांगताना ती नकळत त्या पानांवरून बोटे फिरवत असे.

पणजी मध्य प्रांतातली. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई तिकडे जाऊन सुमारे तीनशे मुली आणि स्त्रिया घेऊन आल्या, त्यांतली ती एक. आपले गाव, आपले आडनाव, आईचा चेहरा यांतले काहीच तिला आठवत नव्हते. बायबलच्या पहिल्या कोऱ्या पानावर आमच्या घराण्याची जी जंत्री आहे, ती तिच्यापासून सुरू होते. तिच्या वरच्या ओळी रिकाम्या आहेत. लहानपणी मला त्या रिकाम्या जागेची लाज वाटे. आता वाटत नाही, कारण रमाबाईंना त्या प्रांताकडे धाव घ्यायला लावणारी गोष्टही अशीच एक रिकामी जागा होती.

त्या सोळा वर्षांच्या होत्या तेव्हा, १८७४ मध्ये, आधी वडील अनंतशास्त्री डोंगरे आणि पाठोपाठ आई लक्ष्मीबाई अन्नान्न दशेत गेल्या. आईच्या तिरडीला चार खांदेकरी मिळेनात. भाऊ श्रीनिवास, कसेबसे तयार झालेले दोन ब्राह्मण आणि चौथी रमा. उंची कमी पडल्यामुळे तिने आपल्या बाजूचा भार डोक्यावर घेतला. ज्या आईने पहाटे उठवून, घरकामाला लागण्यापूर्वी, लेकीकडून संस्कृत पाठ करून घेतले, त्या आईला तिने असे पोहोचवले. पुढे १८८० मध्ये भाऊ गेला आणि १८८२ मध्ये पटकीने पती बिपिन बिहारी मेधावी गेले. जवळ राहिली ती एकटी लेक मनोरमा, वर्षही न भरलेली.

रमाबाईंच्या सेवेविषयी आमच्या ख्रिस्ती मंडळीत जे बोलले जाते ते मी जन्मभर ऐकत आले आहे : १८८३ मधला इंग्लंडमधील बाप्तिस्मा, १८८९ मध्ये मुंबईत सुरू झालेली विधवांची शाळा शारदा सदन, मग पुणे आणि केडगाव. हे सारे मोठेच आहे. परंतु आज माझे मन मनोरमेपाशी अडकून राहिले. १८८६ मध्ये रमाबाई अमेरिकेला गेल्या आणि विधवांच्या शाळेसाठी निधी उभारताना गावोगाव व्याख्याने देत फिरू लागल्या, तेव्हा पाच-सहा वर्षांच्या मनोला त्यांनी इंग्लंडमधील वाँटेजच्या मठातल्या भगिनींकडे (जोगिणींकडे) परत पाठवले. आईची ती पत्रे मी वाचली आहेत. लेकीला धर्माचे शिक्षण कसे द्यावे यावरून त्यांनी त्या भगिनींशी घातलेला वाद वाचताना मला जाणवते, की समुद्रापलीकडे असलेल्या त्या आईचे अर्धे चित्त नेहमी त्या मुलीजवळ होते. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन नको, आपली भाषा हवी, असे ठणकावणारी आई आपली लेक परकी होऊ नये म्हणूनही तितकीच जागरूक होती. तरीही लेकीचे बालपण दूर गेले, हे खरेच आहे.

मनोरमा शिकून परतली तेव्हा तिच्या वाट्याला स्वतंत्र घर आले नाही. १९०० च्या सुमारास केडगावात सुमारे दोन हजार मुली आणि स्त्रिया राहत होत्या. कोणाला खरूज, कोणाला ताप, कोणी रात्री किंचाळून उठणारी. त्या सगळ्या तिच्या आईला आई मानत होत्या. ज्या आईची तिने एवढी वाट पाहिली, ती आई तिला या दोन हजारांत वाटून घ्यावी लागली, आणि ती कुरकुरली असे कोठेही वाचायला मिळत नाही. अंध मुलींना तिने ब्रेल शिकवले, शाळा सांभाळली, गुलबर्ग्याला शांतिसदन ही मुलींची शाळा उभी केली. माझ्या पणजीला अक्षर कोणी शिकवले ते मला ठाऊक नाही. पण तिच्या वाट्याला जी माया आली, ती मनोरमाबाईंच्या वाट्यातून आली, एवढे मी निश्चित मानते.

२४ जुलै १९२१ रोजी, चाळिसाव्या वर्षी, मनोरमाबाई गेल्या. रमाबाईंना तेव्हा ऐकू येणे जवळजवळ बंद झाले होते, भाषांतराचे काम संपत आले होते, आणि संस्थेचा भार ज्या खांद्यावर द्यायचा तो खांदाच उरला नाही. सोळाव्या वर्षी आईचा भार उचलणाऱ्या त्या बाईने त्रेसष्टाव्या वर्षी लेकीला माती दिली आणि पुन्हा मुद्रितांपुढे बसल्या. अल्पशिक्षित बाईलाही वाचता यावे म्हणून त्यांनी या भाषांतरात साधे शब्द योजले होते. ते काम हातावेगळे करून ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी डोळे मिटले. ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला. पणजीच्या प्रतीवरही तेच वर्ष आहे.

संध्याकाळी पाळकसाहेबांना चिठ्ठी लिहिली, की येत्या २४ जुलैच्या आठवड्यात उपासनेच्या वेळी मनोरमाबाईंचे नाव घेऊन उपकारस्तुती व्हावी, आणि त्या दिवशी शास्त्रपाठ या बायबलातून वाचण्याची परवानगी मला मिळावी. बांधणी सैल झाली आहे. उद्या ते शिवून घ्यायला द्यायचे आहे.