स्थिर आवृत्तीच्या पानावर आलेली एक फाइल

पोस्टग्रेस डेटाबेसचा बॅकअप घेऊन त्यावरून दुसरा सर्व्हर उभा करणाऱ्या एका मुक्तस्रोत साधनाचे डॉक्युमेंटेशन मी नोकरी सांभाळून पाहतो. 2019च्या ऑक्टोबरअखेर, दिवाळीच्या तोंडावर, एका वापरकर्त्याने कळवले की त्याच्या स्टँडबाय सर्व्हरवरून (मुख्य सर्व्हर बंद पडल्यास वापरायची, त्याच्या मागोमाग चालणारी राखीव प्रत) निघणाऱ्या अहवालांत चार दिवसांपूर्वीचेच आकडे येत आहेत. मी त्याला ‘सिलेक्ट पीजी_इज_इन_रिकव्हरी()’ ही एवढी एकच क्वेरी चालवायला सांगितली. स्टँडबाय असेल तर तिचे उत्तर ‘टी’ (होय) येते. त्याला ‘एफ’ (नाही) मिळाले. म्हणजे तो सर्व्हर मुख्य सर्व्हरच्या मागोमाग चालणारी प्रत नव्हताच. चार दिवस तो स्वतंत्रपणे चालू होता, आणि त्या काळात मुख्य सर्व्हर बंद पडला असता तर या माणसाने त्याच्याच भरवशावर सगळे काम तिकडे हलवले असते. कोणत्या सूचना वाचून सर्व्हर उभा केला असे विचारल्यावर त्याने दुवा पाठवला. ते आमच्या स्थिर आवृत्तीचे पान होते आणि त्यावरचा शेवटचा बदल मी केलेला होता.

पोस्टग्रेस 12 त्याच महिन्याच्या 3 तारखेला प्रसिद्ध झाली होती. आवृत्ती 11पर्यंत स्टँडबायची सर्व माहिती ‘रिकव्हरी.कॉन्फ’ या वेगळ्या फाइलमध्ये लिहावी लागे: ‘स्टँडबाय_मोड’ चालू आहे की नाही, मुख्य सर्व्हरशी जोडणी कशी करायची, वगैरे. 12मध्ये ही फाइल रद्द झाली. जोडणीची माहिती ‘पोस्टग्रेस्क्यूएल.कॉन्फ’मध्ये गेली आणि ‘मी स्टँडबाय आहे’ हे सांगण्यासाठी ‘स्टँडबाय.सिग्नल’ नावाची रिकामी फाइल आली. आमच्या साधनाची स्थिर आवृत्ती 11पर्यंतच चालत होती, 12चा आधार विकासाधीन आवृत्तीत होता. म्हणून मुख्य ब्रँचवर, म्हणजे विकासाधीन आवृत्तीच्या शाखेवर, मी हे पान नव्याने लिहिले होते आणि स्थिर ब्रँचवर जुनेच ठेवले होते. इथपर्यंत सगळे योग्य होते.

मग मुख्य ब्रँचवर एका वाचकाने त्याच पानातल्या एका आज्ञेत चुकलेला फोल्डरचा मार्ग दुरुस्त केला. ती चूक स्थिर पानावरही होती, तेव्हा बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिट या साधनात मी तो कमिट (नोंदवलेला बदल) चेरी-पिक केला, म्हणजे तेवढाच उचलून स्थिर ब्रँचवर आणला, आणि कॉन्फ्लिक्ट आला, म्हणजे दोन्हीकडचा मजकूर आपोआप जुळेना. चेरी-पिक करताना ‘अवर्स’ म्हणजे आपण उभे आहोत ती ब्रँच आणि ‘देअर्स’ म्हणजे उचलून आणलेला कमिट, हे मला पाठ आहे. मला हवी असलेली दुरुस्ती ‘देअर्स’मध्ये होती, म्हणून मी ती बाजू निवडली. पण फाइलचे नाव देऊन गिटच्या ‘चेकआउट’ आज्ञेला ‘देअर्स’ सांगितले की तेवढी ओळ येत नाही, त्या ब्रँचवरची अख्खी फाइल येते. एका ओळीच्या दुरुस्तीसोबत 12साठी लिहिलेले पूर्ण पान 11च्या वाचकांसमोर गेले आणि नऊ दिवस तिथे राहिले.

त्या वापरकर्त्याकडे 11 होती. पानाप्रमाणे त्याने जोडणीची ओळ ‘पोस्टग्रेस्क्यूएल.कॉन्फ’मध्ये लिहिली. 11ला तिथे हे नाव ओळखता येत नाही, त्यामुळे सर्व्हरने अनोळखी पॅरामीटर असल्याचे सांगून सुरू होण्यास नकार दिला. त्याने ती ओळ कॉमेंट केली, म्हणजे निष्क्रिय केली. स्टँडबाय असल्याचे सांगणारी फाइल तर तयार केलीच आहे, जोडणीचे नंतर पाहू, असा त्याचा विचार होता आणि त्याला मी मुळीच दोष देत नाही, कारण पानावर तसेच सूचित होत होते. सर्व्हर विनातक्रार सुरू झाला. 11ला ‘स्टँडबाय.सिग्नल’ या नावाचा काही अर्थच ठाऊक नसल्याने त्याने ती फाइल पाहिलीही नाही. बॅकअपसोबत आलेली लॉगनोंद (डेटातल्या बदलांची नोंद) लावून डेटा सुसंगत केला आणि तो लिहिण्यासाठी खुला झाला.

याच्या उलट चूक झाली असती तर काय, हा विचार अजून माझ्या मनातून जात नाही. 12च्या फोल्डरमध्ये ‘रिकव्हरी.कॉन्फ’ सापडली तर ती सुरूच होत नाही. ही फाइल आता चालत नाही असे स्पष्ट सांगून थांबते. पोस्टग्रेसच्या लोकांनी हे जाणीवपूर्वक केले आणि त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. नव्या आवृत्तीला जुन्या गोष्टी माहीत असतात, म्हणून ती इशारा देऊ शकते. जुन्या आवृत्तीला पुढे काय येणार आहे हे कसे कळावे? विकासाधीन ब्रँचवरचा मजकूर स्थिर पानावर येणे हे शिळा मजकूर राहून जाण्यापेक्षा कितीतरी धोक्याचे आहे, आणि आमची सगळी काळजी मात्र शिळेपणाचीच होती.

माझा बॅकपोर्ट, म्हणजे मुख्य ब्रँचवरून स्थिर ब्रँचवर नेलेला बदल, एका सहकाऱ्याने पाहिला होता. बदल एका ओळीचा असल्याचे मी वर्णनात लिहिले होते आणि फरकात चाळीसहून अधिक ओळी दिसत होत्या. कोडच्या बॅकपोर्टला आमच्याकडे दोघांची संमती लागते आणि ते ओळ न् ओळ वाचतात. डॉक्युमेंटेशनचा बदल असला की वर्णन वाचून मान्यता दिली जाते. मी इतरांच्या बदलांना अशीच मान्यता दिलेली आहे. डॉक्युमेंटेशनची पाने तयार करणाऱ्या स्फिंक्स या साधनाने पान बिनचूक बांधले, कारण स्फिंक्सला तुटलेले संदर्भ कळतात, खोटी झालेली सूचना कळत नाही.

त्या संध्याकाळी मी स्थिर पान पूर्ववत केले. वापरकर्त्याने मुख्य सर्व्हरवरून नव्याने बेस बॅकअप घेतला, कारण स्वतंत्रपणे चालू राहिलेली प्रत तशीच पुन्हा मागे लावणे शक्य नव्हते. सर्व्हर सुरू केल्यावर ती क्वेरी चालवून पाहण्याची पायरी मी दोन्ही ब्रँचवर घातली. ती दोन्हीकडे खरी आहे. त्यानंतर मी 11पर्यंतचे पान आणि 12पासूनचे पान अशा दोन वेगळ्या फाइली केल्या. दुसरी फाइल स्थिर ब्रँचवर नाहीच, त्यामुळे तिच्यातला बदल चुकून तिकडे नेऊ लागलो तर अशी फाइल इथे नाही असे गिट स्वतःच अडवून सांगते. दुरुस्ती आधी स्थिर ब्रँचवर करून वर मुख्य ब्रँचमध्ये मर्ज करावी, ही गिटच्या स्वतःच्या मार्गदर्शनात सुचवलेली पद्धत आम्ही स्वीकारावी असे मी तेव्हापासून म्हणत आहे. तसे असते तर माझी हीच चूक उलट्या दिशेने झाली असती आणि 12ने ती पहिल्याच मिनिटाला दाखवली असती. सहकाऱ्यांना ते अजून पटलेले नाही.

त्या नऊ दिवसांत पान किती वेळा उघडले गेले हे मला दिसत होते, पण ते वाचून कोणी कोणत्या आवृत्तीवर काय केले हे कळायला मार्ग नव्हता. शेवटी पुढच्या दुरुस्ती आवृत्तीच्या सूचनेत मी सगळे जसे घडले तसे लिहिले, ती क्वेरी दिली आणि आलेले उत्तर कळवण्याची विनंती केली. दोघांनी कळवले. एकाचे ‘टी’ होते, दुसऱ्याचे ‘एफ’.