एका अंगाने खचणारा रस्ता

रस्ता एकाच अंगाने खचत होता. डांबराच्या कडेने लांबच लांब भेगा, भरावाचा पायथा बसलेला. दुसरी बाजू मात्र ठणठणीत. खालची जमीन पर्माफ्रॉस्टची, म्हणजे सलग दोन वर्षं किंवा अधिक काळ शून्य अंश किंवा त्याखाली राहिलेली. वरिष्ठांना पाण्याच्या निचऱ्याचा संशय होता.

हिवाळा सरताना दोन्ही पायथ्यांत पुरलेल्या सेन्सरच्या नोंदी उतरवायला आम्ही गेलो. हवा उणे पंचविशीची. वाऱ्याच्या बाजूला बर्फ जेमतेम वीतभर. खाली जमीन उणे १४. पलीकडे, खचणाऱ्या बाजूला, छातीएवढा ढीग, कारण बर्फ हटवणारी गाडी सगळा बर्फ तिकडेच लोटायची. तिथला आकडा आला उणे अर्धा. सोबतच्या तंत्रज्ञाने केबल काढून पुन्हा लावली. आकडा तोच.

भुसभुशीत बर्फात बहुतांश हवाच असते. टणक बर्फाच्या मानाने त्यातून विसाव्या हिश्श्याहूनही कमी उष्णता वाहते. थंडी खाली पोचत नाही, त्याहून महत्त्वाचं म्हणजे उन्हाळ्यात जमिनीत मुरलेली ऊब वर निसटत नाही.

खरी गंमत आलेखात होती. ढीग हिवाळ्याच्या तोंडालाच साचला होता, जमीन निवायच्या आत. मातीतलं पाणी गोठताना सुप्त उष्णता सोडतं, तोवर तापमान शून्यापाशी अडून बसतं. उघड्या बाजूला ही आडवी रेघ थोडक्यात संपली. ढिगाखाली ती हिवाळ्याच्या मध्यापर्यंत लांबली. हाच बर्फ उशिरा पडून वसंतात रेंगाळला असता, तर ऊन परतवून त्याने जमीन उलट गारच ठेवली असती. म्हणून ‘यंदा एकूण बर्फ किती’ या आकड्यावर माझा फारसा विश्वास नाही.

आल्प्समध्ये स्विस संशोधक विल्फ्रीड हेबर्ली यांनी १९७०च्या दशकात याच गुणाचा उपयोग केला: हिवाळ्याच्या अखेरीस जाड बर्फाच्या तळाशी उणे ३ पेक्षा कमी तापमान भरलं, तर पर्माफ्रॉस्ट असण्याची शक्यता दाट, उणे २ च्या वर असेल तर कमी. त्यांची पद्धत डोंगरउतारांसाठी, पण आमचा उणे अर्धा काय सांगत होता ते कळायला तेवढं पुरलं: ढिगाखालची गोठलेली जमीन वितळत होती, म्हणून ती बाजू खचत होती.

गाडीच्या चालकाला हे सांगितलं, तर तो म्हणाला, “मग दुसऱ्या बाजूला लोटतो.” म्हटलं, मग पुढे ती खचेल. शेवटी अहवालात लिहिलं: बर्फ पायथ्यापासून दूर न्या, जमत नसेल तर यंत्राने दाबून घट्ट करा, म्हणजे निदान थंडी खाली उतरेल. इंधनाचा खर्च वाढणार म्हणून वरिष्ठ कुरकुरले, पण सही केली.